सुचित्राचं फ्लशिंग

सूर्यकांत : लोणी कढवतेयस? सुचित्रा, पार लिफ्टपर्यंत वास येतोय!

सुचित्रा : येऊ दे. शेजारच्या हारुनभाईंची बायको मघाशी डोकावून गेली. म्हणे, भाभी, बड़े दिनों बाद आपके घर से खुशबू आई.

सूर्यकांत : गॅस बंद कर आधी. आपलं ठरलं होतं, तुझी केमो संपेपर्यंत या घरात तूप नाही.

सुचित्रा : ठरलं नव्हतं. तुम्ही जाहीर केलं होतंत.

सूर्यकांत : पुन्हा समजावू? पेशीचं बाहेरचं आवरण चरबीचं असतं. आपण जी चरबी खातो, तीच जाऊन त्यात बसते. तूप खाल्लं की आवरण घट्ट. जवसाचं, माशाचं तेल घेतलं की ते सैल होतं, औषध आत शिरायला सोपं. ऑफिसात इंटरनेट आलंय म्हणून गठ्ठाभर पानं छापून आणली मी, ती काय रद्दीत घालायला?

सुचित्रा : आवरणाचं बरोबर आहे तुमचं. पण मग मला नुसती पेज आणि उकडलेला दुधी कशासाठी?

सूर्यकांत : जुनं निघाल्याशिवाय नवं भरणार कुठे? जबल अलीच्या प्लँटवर आम्ही टाकीत दुसऱ्या ग्रेडचं तेल भरायच्या आधी फ्लशिंग करतोच की, टाकी पार धुऊन काढतो. आधीचं तेल तळाशी राहिलं तर अख्खी बॅच वाया.

सुचित्रा : म्हणजे मी टाकी.

सूर्यकांत : तसं नाही गं…

मुग्धा : बाबा, यू जस्ट सेड टँक.

सूर्यकांत : मुग्धा, होमवर्क कर जा.

मुग्धा : इट्स फ्रायडे, हॉलिडे!

सुचित्रा : थांबू दे तिला. मला शिकवलंय तिनं. ती डिक्शनरी घेऊन बसली, मी वाचलं. तुमची सगळी पानं.

सूर्यकांत : तू? मला बोलली नाहीस.

सुचित्रा : बोलायला फट कुठे ठेवता तुम्ही? पिवळ्या मार्करनं रंगवलंय तेवढंच तुम्ही वाचता. मी न रंगवलेलंही वाचलं. ते सैल आवरण उंदरांत दिसलंय, नाहीतर काचेच्या बशीतल्या पेशींत. माणसांचं अजून नक्की ठाऊक नाही, असं त्यांनी स्वतःच लिहिलंय. आणि त्याखाली काय आहे गं?

मुग्धा : ट्यूमर सेल्स कॅन मेक देअर ओन फॅट.

सुचित्रा : ऐकलंत? माझ्या छातीतली ही बया स्वतःचं तूप स्वतःच कढवते. उपास मला आणि तिच्याकडे पंगत!

(सूर्यकांत खुर्ची ओढून बसतो.)

सूर्यकांत : हे मी वाचलं कसं नाही?

सुचित्रा : नको होतं म्हणून. अहो, टाकी रिकामी करून झाकण लावता येतं. माझ्या तोंडातल्या, आतड्यातल्या पेशी केमोनं मरतात, तिथे नव्या उभ्या राहतात. त्यांना आवरण कशाचं घालू, दुधीचं? परवा वजन उतरलं म्हणून डोस पुढे ढकलला. पुढच्या शनिवारी पुन्हा काट्यावर उभी राहीन, तेव्हाही असंच असलं तर पुन्हा ढकलतील. औषध नीट लागावं म्हणून तुम्ही मला उपाशी ठेवलंत, आणि आता औषधच लांबतंय.

सूर्यकांत : डॉक्टरांना विचारायला हवं.

सुचित्रा : काल फोन केला मी. सगळं सांगितलं, फ्लशिंगसकट.

सूर्यकांत : अरे देवा. हसले असतील.

सुचित्रा : नाही हो. म्हणाले, तुमचे मिस्टर फार घाबरलेत. आणि म्हणाले, जेवा. पोटात ठरेल ते खा, बेतानं तूपसुद्धा. जवसाची चटणी करा हवी तर. पण तुम्ही आणलेल्या त्या माशाच्या तेलाच्या गोळ्या खलास. त्यांना विचारल्याशिवाय यापुढे काहीही नाही.

सूर्यकांत : आणि गाठ वाढली तर?

सुचित्रा : वाढली तर डॉक्टर दुसरं औषध देतील. तूपभाताला कोर्टात उभं करू नका. मी बरी होणार आहे, सूर्यकांत. आज किती दिवसांनी मला भूक लागलीय. मुग्धा, ताटं घे.

मुग्धा : यल्ला, लेट्स गो! फायनली.

सूर्यकांत : मग मी काय करू, सांग ना. प्लँटवर काही अडलं तर पाना हातात घेता येतो. इथे मला तेल बदलण्यापलीकडे काही सुचेना, सुचू.

सुचित्रा : सलाइन लावतात तेव्हा तुम्ही बाहेर बाकावर पानं वाचत बसता. या वेळी आत या.

सूर्यकांत : आत येऊन काय करू?

सुचित्रा : काही नाही. बसा.

सूर्यकांत : मला ती सुई बघवत नाही गं.

सुचित्रा : मला तरी कुठे बघवते? मी तुमच्याकडे बघत बसेन.