एकाच डब्यातल्या गोळ्या

चहा घ्या, निवतोय; तोवर आंबी गावच्या मावशींचं सांगते. आमच्या मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात औषधांच्या चाचण्यांचा विभाग नवा सुरू झाला, तेव्हा पहिलीच चाचणी गुडघेदुखीच्या गोळीची होती. मावशी आणि त्यांचे मालक, आबा, दोघंही आले. मी नीट समजावलं, "काहींच्या बाटलीत औषध आहे, काहींच्या बाटलीत नुसती साखरेची गोळी. कुणाला काय मिळालंय, ते मलाही ठाऊक नाही."

"कळलं की," मावशी म्हणाल्या.

महिन्यानं उरलेल्या गोळ्या परत आणायच्या होत्या. मावशींनी पिशवीतून स्टीलचा एकच डबा काढला.

"बाटल्या कुठायत?"

"दोनीबी ह्यातच वतल्या. एकत्रच खातो आमी."

मला रडू यायचं तेवढं बाकी होतं. आता कुणी कुठली गोळी खाल्ली, ते ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं. चाचणीचे प्रमुख असलेल्या आमच्या डॉक्टर सरांनी डब्यात डोकावून कपाळाला हात लावला, दोघांना चाचणीतून काढलं आणि नेहमीचं औषध लिहून दिलं.

मी चिडूनच विचारलं, "मावशी, इतकं समजावलं होतं ना तुम्हाला?"

"व्हय, म्हून तर वतल्या! एकाच्याच बाटलीत औषध निगालं असतं, तर एक जण गुरवारी शिरगावला देवाला चालत गेलं असतं, आन दुसरं घरी बसलं असतं." मावशींनी आबांच्या हातात काठी दिली. "त्यापरीस दोगंबी थोडं लंगडू, पन संगं जाऊ."