वामीच्या नरड्यातला गळ

नाव साळूबाई कोम नाथाजी नलवडे, वय अठ्ठावीस, धंदा शेती, राहणार उंब्रज, तालुका कराड, जिल्हा सातारा. तारीख १७ जानेवारी १९४६. नवऱ्याचे नाव मी तोंडाने घेत नाही, ते दिरांच्या फिर्यादीवरून घेतले आहे. तिथे नावाआधी कै. असे लिहिले होते, ते मी प्रथम खोडायला लावले.

पोलीस ठाण्यात स्वतः हजर राहून सांगते की, माझे दीर सयाजी यांनी परवा अशी फिर्याद दिली आहे की, कोंडीबा भोई, राहणार पाटण, याने मला बाजारातून बैलगाडीत घालून पळवून नेले. ही फिर्याद त्यांनी काळजीपोटी दिली आहे, पण ती उलटी आहे. कोंडीबाने मला नेले नाही, मीच त्याला नेले.

माझे मालक पलटणीत होते. सिंगापूर पडल्यावर त्यांची पत्रे बंद झाली आणि पुढे बेपत्ता असा सरकारी कागद आला. लढाई संपली, गावची बाकीची माणसे परत आली, हे आले नाहीत. तेव्हा घरच्यांनी ठरवले की पळसाच्या पानांचा पुतळा करून जाळावा आणि त्यांची क्रिया उरकून घ्यावी. दिवस उद्याचा धरला होता. दीर वाईट माणूस नाही. भावाचा जीव कुठे अडकून राहू नये एवढेच त्यांचे म्हणणे. पण क्रिया झाली की माझे कुंकू पुसणार, आणि माझे मन ते मानत नव्हते. का मानत नाही म्हणून विचारले तर मला सांगता येत नव्हते.

बाजाराच्या दिवशी मी मासळीच्या बाजूने चालले होते. कोंडीबा एक मोठी वाम कापत होता. वाम गळ थेट गिळते, त्यामुळे तो तिच्या नरड्यातच राहतो. कोंडीबाने तो काढून फळीवर टाकला आणि मी उचलून पाहिला.

हवालदारांनी विचारले की, गळासारखा गळ, ओळखला कसा. तर दुकानातल्या गळाला सुईसारखे नेढे असते, दोरी त्यातून ओवतात. हा जुन्या चालीचा होता. त्याला नेढे नसते. छत्रीची काडी तापवून वाकवायची, वरचे टोक हातोडीने चेपायचे, त्याखाली सूत गुंडाळायचे आणि वरून मेण लावायचे. असे गळ करणारे अजून आहेत. पण मासा सुटू नये म्हणून टोकाशी असतो तो उलटा काटा सगळे जण आतल्या अंगाला काढतात आणि आमचे मालक बाहेरच्या अंगाला. त्यांच्या आज्याने तसे शिकवले. नदीवर सगळे त्यांना हसत, आणि वाम त्यांनाच लागे. लग्नाच्या पहिल्या वर्षी असलाच एक गळ माझ्या अंगठ्यात रुतला होता. मी मागे ओढायला गेले तेव्हा मालक म्हणाले, "मागं वडू नगं, फुडं ढकल." तेव्हापासून त्या गळाशी माझी चांगली ओळख आहे.

जुना पडून राहिलेला म्हणावा तर त्याला गंज नव्हता. सूत हिरवे होते, मिलिटरीच्या मच्छरदाणीचे.

मी कोंडीबास विचारले, "ह्यो गळ कुनी केला?"

तो म्हणाला, "म्याच केला."

"मग असलाच दुसरा करून दाव."

तेव्हा तो म्हणाला, "बाई, मासा घ्या न्हाईतर वाट सोडा. म्या एकाला शबूद दिलाय." हे ऐकून मी त्याचे मनगट धरले. त्याची मासळीची टोपली उलटली ती या वेळी. वामी मातीत गेल्या त्याची मला लाज वाटते, पण फार नाही. मनगट मी सोडले नाही. लोक जमले तसा तो म्हणाला, "आवं, बसा गाडीत. पर तुमीच मला वडत आनलं आसं त्यास्नी सांगा." ते मी तिथे सांगितले आणि आता ठाण्यातही सांगते. घाईत घरी निरोप धाडायचे मला सुचले नाही.

पाटणजवळ कोयनेच्या काठी कोंडीबाच्या खोपीपुढे मालक कानशीने गळ घासत बसले होते. डावा पाय गुडघ्याखाली नव्हता. त्यांनी विचारले, "साळू, तुला कुनी सांगितलं?" मी म्हणाले, "वामीनं."

मला आनंद झाला, पण राग आधी आला. पाय जपान्यांच्या कैदेत गेला. पुढे पलटणीच्या दवाखान्यातून त्यांनी पत्रे लिहिली आणि फाडली. सुटल्यावर मोटारीने निघाले. मोटार उंब्रजला थांबली, पण यांचा उतरायचा धीर झाला नाही, आणि ती यांना घेऊन पाटणला गेली. म्हणाले, "धडधाकट गेल्तो. आता कुबडी घिऊन दारात कसं यावं?" मी म्हणाले, "म्या काय पायासंगं लगीन लावलं व्हतं?" याउपर जे बोलणे झाले ते लिहून घेण्याचे कारण नाही, असे मी हवालदारांस सांगितले. कोंडीबा त्या वेळी मुद्दाम नदीवर गेला होता.

मालकांचे मन वळायला एक दिवस गेला. आज परत येताना वेशीत शिपायांनी गाडी अडवली, कोंडीबास धरले आणि गाडीतला दुसरा इसम कोण असे विचारले. मी म्हणाले, "उद्या ह्यांचीच क्रिया हाय." शिपाई दोन पावले मागे सरले. दीर तिथेच होते. ते भावाच्या गळ्यात पडून रडले. मग डोळे पुसून मला म्हणाले, "वैनी, पळसाची पानं आनून ठिवलीत. त्येंचं काय करू?"

तरी माझे म्हणणे असे की, कोंडीबास आजच सोडावे. पुराव्यासाठी घेतलेला गळ मला परत द्यावा. दिरांस सांगावे की पाने वाया जात नाहीत, त्यांच्या पत्रावळी लावाव्यात. उद्या गाव जेवायला येणारच आहे. पहिल्या पंगतीला कोंडीबा बसेल.

हा जबाब हवालदारांनी मोठ्याने वाचला, मी ऐकला आणि बाहेर पडवीत मालकांनीही ऐकला. मी सांगितले तेवढेच यात आहे. मला लिहिता येत नाही, सबब अंगठा देते. ठशात मधोमध एक रेघ उठेल, ती शाईची चूक नव्हे.