पहिल्या तुकडीचा फोटो

फोटोत चार रांगांत एकतीस जण होते. डोळ्यांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी बसलेले आजोबा भिंगातून तो पाहत होते. त्यांची सून मधूनमधून फोटो उलटून मागच्या बाजूला पेन्सिलीने नावे लिहीत होती.

“काका, थेंब घालू? मग तीन तास अंधुक दिसेल.”

“थांबा, सिस्टर. शेवटचे दोघे राहिलेत.”

“बाबा, ऑपरेशन झाल्यावर लिहू की.”

“आणि नाहीच दिसलं तर? कॉलेजच्या संग्रहात बिननावाचे जातील. ओळखणारा मी एकटाच उरलोय.”

“बरं. हा मान वळवलेला कोण?”

“बगळ्या. वर्गातही खिडकीबाहेरच बघायचा.”

“टोपणनाव लिहू?”

“दोन्ही लिही. खऱ्या नावाने त्याची आईसुद्धा हाक मारत नव्हती.”

“आणि हा टोकाचा?”

“तो मीच. तेवढं आंधळा झालो तरी सांगेन. घाला हो थेंब.”

थेंब पडले तेव्हा एकतीसपैकी तीस नावे लिहून झाली होती.