अक्कांची कढई

...आणि वर जावई म्हणतो, "मामा, कोंबडी एक नंबर!" आता तुम्हीच सांगा, असल्या कौतुकाचं मी काय करू? जावई जेवला, हात पुसले, गाडीत बसून लातूरला पोचला पण. तोंड दाखवायचं राहिलंय ते मला, भिंतीपलीकडं, चन्नम्मा अक्कांना! आणि माझी चूक काय? मी तर सगळं वहीत लिहिलं होतं!

तुम्हाला सांगतो, मी साखर कारखान्यावर स्टोअर सांभाळतो. नट बाहेर गेला, नोंद. बोल्ट आत आला, नोंद. तीच सवय घरी लागली. एकोणीस वर्षं झाली, रोजची वही चालू आहे. पाहुणा कधी आला, कधी गेला, पायात कसल्या चपला होत्या... हसू नका! एका बारशात शेजारच्या गुंडप्पाची चप्पल बदलली तेव्हा न्याय माझ्याच वहीनं केला होता. तेव्हापासून सबंध मुरूम गावात मला 'वहीवाले रामभाऊ' म्हणतात. म्हणत होते म्हणा.

तर झालं असं. आमची मंडळी परंड्याला बहिणीकडं गेलेली, आणि शनिवारी अर्पिताचा, म्हणजे आमच्या लेकीचा फोन. "अप्पा, उद्या आम्ही दोघं येतोय. आई नसली तर नसू दे, कोंबडी तुम्ही करा. पण रस्सा नको हं! यांना तळलेली आवडते, वरून कुरकुरीत. आणि सोबत उन्हाळ्याच्या दोन-तीन भाज्या." म्हटलं, त्यात काय! ती सांगत गेली, मी लिहीत गेलो. तुकडे बारा. दह्यात चार तास. मैद्यात दोनदा घोळवणे. कढई मोठी, तेल खोल... तेल खोल! इथंच घात झाला बघा.

कारण आमच्यात कोंबडी-मटण आतल्या स्वयंपाकघरात शिजत नाही. मागं लिंबाच्या झाडाखाली चूल आहे, तिथं. भांडीसुद्धा वेगळी, आणि आतलं-बाहेरचं मिसळू नये म्हणून बाहेरच्या प्रत्येक भांड्याला लाल ऑइलपेंटचा टिपका, मीच लावलेला. व्यवस्था एकदम चोख! पण आमचं घराणं पडलं रस्सेवालं. बाहेरच्या भांड्यांत पातेली तीन, तवा एक, आणि कढई... नाहीच! कधी लागलीच नाही तर असेल कशी? मग घरभर शोधलं. ज्वारीच्या पोत्यामागं सापडली एक, ही एवढी, लोखंडी, काळीभोर, दोन्ही हातांनी उचलावी अशी. म्हटलं, पडूनच आहे, टाकू बाहेरच्यांत. आणि माझ्यातला स्टोअरकीपर बघा, कोंबडीच्या आधी त्यानं काय केलं? ब्रश आणला आणि दोन्ही कड्यांवर दोन लाल टिपके! उन्हात वाळवले. मग तेल ओतलं.

पण काय तळली हो कोंबडी! घड्याळ लावून, वही शेजारी ठेवून, एकेक तुकडा असा तांबूस, झारा लागला की खण्ण वाजायचं... आणि तेवढ्यात भिंतीवर एक पाटी वर आली. दोडके, कोवळी गवार, काकड्या. पाटीमागून अक्का. "रामभाऊ, पोरगी येनार म्हणं. घ्या, मळ्यातलं हाय, सकाळीच तोडलंय."

अक्का कोण ते सांगतो. गळ्यात लिंग, सकाळची पूजा झाल्याशिवाय पाणी पीत नाहीत, उंबऱ्याच्या आत अंडंसुद्धा आलेलं नाही. पण वीस वर्षांत आमच्या चुलीबद्दल चकार शब्द नाही. धूर तिकडं गेला की उठून खिडकी लावतात, बास. त्या अक्का, तुम्हाला सांगतो, पाटी माझ्या हातात देता देता म्हणाल्या, "अन् आमची कढई तेवढी धाडून द्या की. उद्या बसवजयंती. मठात भजी तळायची हायती. तुमच्या मालकिनीनं कुरडयाला नेलती बघा."

मी एका हातात पाटी, दुसऱ्या हातात झारा. आणि तोंडातून काय निघावं? "व्हय व्हय, धाडतो की!"

अक्का गेल्या तसा फोन लावला. "अगं, अक्कांची कढई कुठं ठेवलीस?"

"पोत्यामागं! निघताना सांगितलं नव्हतं का, देऊन या म्हणून? माझ्यासमोर लिहून घेतलंत की!"

समोर तेल कढतंय आणि मी गार! वही उघडली. मंगळवार. माझंच अक्षर, खाली दोन रेघा मारलेल्या. 'चन्नम्मा अक्कांची कढई परत देणे. विसरू नये.' लिहिलं होतं हो! वहीत लिहिलं होतं!

मग जेवणं. दोडक्याची भाजी, गवारीत दाण्याचा कूट, काकडीची कोशिंबीर, सगळं अक्कांच्या पाटीतलं. आणि मधोमध परातीत ती कोंबडी. जावई म्हणतो, "मामा, अजून एक घेतो." घ्या, रणधीरराव, घ्या! पोरगी म्हणते, "अप्पा, तुम्ही का खात नाही?" काय सांगू? कोंबडी तर नकोच वाटली, पण दोडकासुद्धा पानात तसाच राहिला. जिनं भाजी दिली तिच्याच कढईत...

ती दोघं गेल्यावर मनात काय आलं ते पण सांगतो, लपवत नाही. रॉकेलनं टिपके काढावेत, राखेनं घासावी, चिंच लावून चकचकीत करावी आणि नेऊन द्यावी. कोण बघतंय? रॉकेलचा बोळा हातात घेतला सुद्धा! पण मग उद्या मठात पंगत बसणार, त्या कढईतली भजी अक्का खाणार, त्यांचे मालक सिद्रामप्पा खाणार, सबंध गल्ली खाणार... आणि मी त्या दिवशीच्या पानावर काय लिहू? 'कढई परत दिली'? टाकला बोळा.

ऊन कललं तसा गेलो, मोकळ्या हातानं. सिद्रामप्पा कट्ट्यावर. "या या, वहीवाले!" ते ऐकूनच अर्धा झालो. अक्का बाहेर आल्या, माझ्या हातांकडं बघितलं. म्हटलं, "अक्का, ती कढई... ती आता... बाहेरची झाली."

अक्का म्हणाल्या, "ठावं हाय."

"आँ?"

"चाळीस वर्सं तळतीय म्या त्या कढईत. सासूनं दिल्याली. झारा लागला की तिचा आवाज मला कळत न्हाय व्हय? पाटी घ्यून आले त्याच्या आदीच जावंची कढई सांगून ठिवलीय."

"मग भिंतीवरनं मागितली कशाला?"

"तुमी सांगता का, ते बघत हुते."

आणि मी काय म्हणालो होतो? व्हय व्हय, धाडतो की! चिडायचं ना हो माणसानं! चार शिव्या घातल्या असत्या तर सुटलो असतो. तर त्या म्हणाल्या, "बसा, च्या टाकते." चहा! तो चहा मी कसा प्यायलो माझं मला माहीत.

नवी कढई नेऊन दिली. घेतली त्यांनी. वाजवून बघितली आणि म्हणाल्या, "चांगली हाय. आवाज न्हाय तिला, पन चांगली हाय." जुनी लटकतेय लिंबाला, दोन लाल टिपके मिरवत.

आणि आता? आता अक्कांनी चाळण दिली, पाटी दिली, साधी सुई दिली तरी मी वही काढतो, आणि भिंतीपलीकडून आवाज येतो, "लिवा रामभाऊ, लिवा! लिवता तुमी झ्याक. वाचतंय कोन?"

हे पण वहीत लिहून ठेवलंय. खाली दोन रेघा मारून.