घनदाट जंगलातली बुरशी

जंगलातल्या बुरशा गोळा करणारे आमचे साहेब वारले, पण त्यांची एक गंमत सांगतो. संग्रहालयातली जुनी डबी घेऊन एक संशोधक बाई माझ्या घरी आल्या. डबीत सुकलेली पिवळी बुरशी होती आणि चिठ्ठीवर साहेबांचं अक्षर: 'घनदाट जंगल.'

"भाऊ, तुम्ही सोबत होते ना? ती जागा दाखवा. दिवसभर चालीन."

बाईंच्या पायाला आधीच फोड आले होते. साहेबांची अब्रू राखू की बाईंचे पाय? मी त्यांना आमच्याच संडासामागच्या सरपणापाशी नेलं.

"साहेब भला माणूस, पण वाघाले भेत होता. जीपमधून उतरलाच नाई. मीच इथून बुरशी नेऊन देल्ली."

लाकडावर ताजी, पिवळी बुरशी होतीच. बाई हसत नवी चिठ्ठी लिहू लागल्या. "आता जागा काय लिहू?"

माझी बायको म्हणाली, "घनदाट जंगलच लिहा. यायनं दोन वर्षांपासून इथलं गवत कुठी कापलं?"