घासणीची परीक्षा

माझ्या उपवासांवर हसता ना गं तुम्ही, मग हे ऐकाच. आमची मनीषा बीडच्या कॉलेजात संशोधन करते. विजेनं पाणी फोडून हायड्रोजन काढायचा, पण त्याला लागणारा धातू लई महाग. म्हणून तिनं साध्या तारेच्या घासणीवर निकेल आणि लोखंडाचा लेप चढवला आणि ती वाळायला घरी स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवली. दुसऱ्या दिवशी सर तपासणार होते.

तो नेमका मार्गशीर्षातला गुरुवार. नैवेद्याची खीर करपली. मी खिडकीतली घासणी घेतली, राख लावली आणि पातेलं लख्ख केलं.

मनीषा रडकुंडीला आली. "आई, कावून घेतलीस गं? महिन्याची मेहनत हाय ती!"

"मला वाटलं, भांड्याचीच हाय."

"होती! आता न्हाई!"

मी देवीपुढं पदर पसरला, "माते, उपवास माझा, फळ पोरीला दे."

दुसरी करायला वेळ नव्हता. सकाळी तीच घासणी घेऊन ती कॉलेजात निघाली, मागोमाग मीही. तिनं सरांपुढं घासणी पाण्यात बुडवून वीज सोडली, तसे खिरीला उकळी फुटावी तसे बुडबुडे उसळले.

सर म्हणाले, "छान. पण स्वस्तातला लेप टिकतो का? घासून पाहिलास?"

मनीषानं माझ्याकडं बोट केलं. "सर, आईनं करपलेलं पातेलं घासलंय हिच्यानं. राख लावून."

सर खो खो हसले. "मग लिही की वहीत!"

तिच्या वहीत टिकाऊपणाच्या चाचणीपुढं आता माझं नाव आहे.