पुसलेली ओळ

धर्माबादच्या आडत दुकानात विकलेल्या मालाची पट्टी घ्यायला रांगेत उभा होतो. मालक धोंडप्पा फोन स्पीकरवर ठेवून बंगळुरातल्या लेकीशी बोलत होते.

“अक्षरा, प्रिंटर आज बी गप हाय बघ.”

“पोर्टचा ड्रायव्हर चढला नसेल, अप्पा. कालचीच कमांड लिहा, सुडो मॉडप्रोब एलपी.”

“लिहिलो. झाला चालू.”

“पण दिवाळीत मी काँप्युटरच्या लिनक्समध्ये एक ओळ टाकून आले होते. तिच्यानं ड्रायव्हर रोज आपोआप चढतो.”

“पुसली असंल.”

“कुणी पुसली?”

“माझ्याबिगर काँप्युटरला कोण हात लावतंय? नाष्टा केलीस का?”

“केला. ती ओळ परत टाकायची का?”

“आता नगं. गिऱ्हाईक खोळंबलंय.”

“बरं. उद्या जरा लवकर फोन करा, अप्पा. निवांत बोलू.”